नाक्यावरचा नारळ

दार धाडकन लागलं आन आतून कडी पडल्याचा आवाज आला, खट्ट. मी बाहेर, हातात ओले लंगोट. आत माझी दीड वर्षाची सुजाता, आन आत वातीचा स्टो पेटलेला, त्यावर दूध ठेवलेलं. घरात तिसरं माणूस नाही. मग आतून कडी घातली कुणी? मी दार बडवलं, लाथा मारल्या, खिडकीला गज, तिथून फक्त मोरी दिसते. आत पोरगी रडायची तर खदखदून हसत होती. रडली असती तर बरं वाटलं असतं. समोरच्या वहिनी पदरानं हात पुसत धावत आल्या, दाराला कान लावला आन म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा पोरीचा हात पोचतो का कडीला?" नाही पोचत म्हटलं. तशा त्या दोन पावलं मागं सरकल्या, आन त्यांच्यामागं जमलेल्या सगळ्या बायका पण दोन दोन पावलं मागं. पुरुष माणूस एक नाही, सगळे ड्युटीवर. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, म्हावरंवाल्या मावशीला आणा, ती नाक्यावर बसलीय. एक जण पळत गेली.

पोरीला काही झालं नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा. ती आता दुसरीला आहे, इथंच बाजूला बसून पाढे घोकतेय. पण त्या दिवशी दुसरंच काहीतरी झालं, आन ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, आमच्या ह्यांना पण नाही. ते कळायला आधी मावशी कळायला पाहिजे. तर नाक्यावरून मावशी येईस्तोवर तेवढं सांगते. मी पाचवीपर्यंत शिकलेली, मला नीट क्रमानं सांगता येत नाही, सांभाळून घ्या.

अख्ख्या नेरूळमध्ये भुताला न भिणारं एकच माणूस होतं आन ते म्हणजे आमची म्हावरंवाली मावशी. न भिणारं म्हणजे, आपण म्हणतो ना मी नाही बाई भीत, आन मग दिवा चालू ठेवून झोपतो, तसलं नाही. मावशी भुतावर जगायची. आमच्या बिल्डिंगच्या पुढं चार रस्ते मिळतात तो नाका, तिथं शनिवारी, अमावस्येला लोक उतारे टाकायचे. सगळी नवीन वसाहत, कोण कोकणातला, कोण सांगलीकडचा, कोण आमच्यासारखा जालन्याकडचा, शेजारी शेजाऱ्याला ओळखत नव्हता, पण नाक्यावर सगळ्यांचे नारळ एकमेकांना चिकटून बसलेले असायचे. लिंबं, अंडी, गुलाल, काळी बाहुली. आमी सगळ्या बायका तिथून जाताना पदर आवळून, लांबून वळसा घालून जायचो. आन मावशी बाजूच्या शिरवणे गावातून डोक्यावर पाटी घेऊन यायची ती सरळ नाक्यावर खाली बसायची, नारळ उचलून कानाशी हलवून बघायची, पाणी वाजलं तर पाटीत. नाही वाजलं तर परत तिथंच ठेवून म्हणायची, "ह्यो कोनाचा गो? सरलेला नारल देता भुताला, लाज नाय वाटत?" लिंबाचं ती लोणचं घालायची. अंडी पण सोडायची नाही. एकदा वहिनी तिला म्हणाल्या, मावशी, लोकांची पीडा असते त्यात, तुमच्या घरात येईल. मावशी म्हणाली, "येऊदे. कालवनात शिजली की पीडा पन मऊ परतं."

साठीची असेल, रंगानं काळीकुट्ट, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत कासोट्याचं, आन आवाज असा की दुसऱ्या सेक्टरला कोलंबी आल्याचं कळायचं. ह्या जागेवर आधी मिठागर होतं, तिच्या नवऱ्याचं आन दिराचं मिळून. सरकारनं जमीन घेतली, नवरा गेला, ती मासे विकायला लागली. आन आमच्या बिल्डिंगीत कुठल्याही भुताची गोष्ट निघाली की ती तपासायला मावशी हजर, जसं काय तिच्याच घरात बिनभाड्यानं कुणी राहायला आलंय.

पाणी यायच्या आधी आमचे नळ रडायचे. खरंच सांगते, बाईनं गळा काढावा तसे. मावशीनं पाटी उतरवली, तोटीला कान लावला, मग तोटीला तोंड लावून जोरात फुंकली. वरच्या मजल्यावरच्या मोरीत तोच आवाज निघाला आन तिथल्या बाईनं बादली टाकून पळ काढला. "वारा हाय नलाच्या पोटात," मावशी म्हणाली, "तुमाला झाला की ओवा खाता, नलाला झाला की भूत?" तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या ब्लॉकमध्ये कोणतरी चालतं म्हणून ती भर दुपारी तिथं एकटी जाऊन बसली, भाकरी आन सुका बोंबील खाल्ला, झोप पण काढली, आन खाली येताना पदरात दोन पारवे घेऊन आली. हेच चालत होते म्हणाली. एक तिथंच सोडला, दुसऱ्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

आन सगळ्यात मोठी गोष्ट होती मिठागरातल्या बाईची. पहाटे फटफटायच्या टायमाला खाडीच्या बाजूनं ओल्या लुगड्यातली एक बाई येते, केस मोकळे, हातात काहीतरी लोंबतं, आन ती लहान पोरं नेते. पहिल्या पाळीला जाणाऱ्या तिघाचौघांनी लांबून बघितली होती. हे वहिनींनी मला सांगितलं तेव्हा मी पाच महिन्यांची गरोदर. मावशीनं ऐकलं आन ती इतकी हसली की पाटीतला एक बोंबील खाली पडला. "अगो ती मीच. पाटेला चिंबोऱ्या धराला मी जाते. हातान चिंबोऱ्याच लोंबतान, मंग काय तुमची पोरा लोंबतील?" चिंबोऱ्या म्हणजे खेकडे. सगळ्या बायका हसल्या. मी पण हसले. पण घरी आल्यावर मला वाटलं, मावशी जाते ते ठीक, पण तिच्यामागं आणखी एखादी जात असेल तर?

माझं असंच आहे. मला भीती वाटते ती पटवून जात नाही. गावाला घरात वीस माणसं, इथं दोन खोल्यांत मी आन तान्ही पोर. हे सकाळी साडेसहाला पहिल्या पाळीला जायचे ते तीनला यायचे. खाडीवरून वारा घोंघावायचा, कोल्हे तर दिवसाढवळ्या कोकलायचे, आन सुजाता कोपऱ्यात बघून हसायची. कोपऱ्यात काही नसताना. हे मावशीला सांगावं तर ती हसणार आन नाक्यापर्यंत ऐकू जाईल असं हसणार. ह्यांना सांगावं तर आणखीनच पंचाईत.

आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम. आमच्यात भगत, अंगारा, उतारा काही चालत नाही. माझ्या सासऱ्यांनी गावात हे सगळं सोडलं तेव्हा लोकांचे दगड खाल्ले, त्यांच्या कपाळावर खूण होती. मी एकदा माहेराहून अंगाऱ्याची पुडी आणली होती, ती ह्यांना डब्यात सापडली. हे कधी हात उचलणारे नाहीत, आवाज पण चढवत नाहीत. पुडी मोरीत सोडली आन म्हणाले, "माझ्या बापानं ज्याच्यासाठी मार खाल्ला ते तू माझ्या घरात लपवून आणतेस. परत आणलंस तर तू गावी राहायचं. पोर माझ्या आईपाशी वाढेल, भित्री नाही वाढणार." आन मग नेहमीसारखं म्हणाले, "ती मावशी बघ. शाळेची पायरी चढली नाही, पण डोकं बघ तिचं." ह्यांना मावशीचं एवढं कौतुक की सुट्टीच्या दिवशी तिला खुर्ची देऊन चहा पाजायचे आन ती खुर्चीच्या बाजूला जमिनीवर बसून प्यायची.

आन मी काय केलं, तर मी भगताकडे गेले. शिरवण्यातच गेले. आन भगत कोण, तर मावशीचाच दीर. एकाच घराचे दोन भाग, पुढच्या दारात मावशी जाळं नाहीतर मासे घेऊन बसलेली आन मागच्या दारानं लोक भगताकडे जायचे. मावशी त्याला चारचौघांत म्हणायची, "याच्या अंगान येतं ते मी दिलेल्या चाच्या जोरावर." तरी रोज जेवायला वाढायची. मी तिची नजर चुकवून, पोरीला कडेवर झाकून, मागच्या दारानं गेले. त्यानं एक नारळ दिला, लाल फडक्यात बांधलेला, आत खिळा आन बिब्बा. म्हणाला, दाराला आतल्या अंगानं कडीला टांगायचा, कोणाच्या नजरेस पडता कामा नये.

आता माझी कसरत ऐका. हे साडेसहाला गेले की मी तांदळाच्या डब्यातून नारळ काढायची, कडीला टांगायची, आन तीन वाजायच्या आत सोडून परत तांदळात. दार उघडं असलं की भिंतीला टेकलेलं, मागचं कुणाला दिसत नाही. आमची कडी म्हणजे लोखंडी पट्टी, एका टोकाला खिळवलेली, उघडी असली की वर उभी, लावायची तर आडवी पाडायची. नारळाच्या वजनानं ती पडू नये म्हणून मी ती मागच्या अंगाला कलती करून ठेवायची. दोन महिने केलं. दोन महिने मला झोप चांगली लागली, हे पण खरं सांगते.

तर मावशी आली. डोक्यावर पाटी, धावत नाही, तिच्या नेहमीच्या चालीनं. वहिनी म्हणाल्या, मावशी, आत कुणीतरी कडी घातलीय आन पोर एकटीच हसतेय. मावशीनं दाराला नाक लावून वास घेतला. "दूध करपला," म्हणाली. मग पाटीतली मासे कापायची कोयती काढली. उन्हानं आमची दारं आक्रसलेली, दाराच्या आन चौकटीच्या मधे बोटभर फट. त्या फटीतनं पातं घालून तिनं कडी खालून उचलायला घेतली. उचलेना. तिनं परत जोर लावला, आन मग थांबली. कोयती तशीच धरून तिनं मान वळवली आन माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"कडी येवरी जर कशी?" एवढंच हळू म्हणाली. जर म्हणजे जड. मग दोन्ही हातांनी जोर करून उचलली, दार ढकललं, पाटी डोक्यावर घेतली आन एकटी आत शिरली. "कोनी आत येवाचा नाय," म्हणाली आन दार लोटून घेतलं. मला आतलं सगळं ऐकू येत होतं, स्टो विझवला, पातेलं उतरवलं, पोरीला काहीतरी बोलली. मग दार उघडलं. कडेवर सुजाता, तोंडाला तांदळाचं पीठ फासलेली, डोक्यावर पाटी, पाटीवर ओलं फडकं नीट झाकलेलं. फडक्याच्या खालून लाल चिंधीचं टोक दिसत होतं, नखाएवढं. ते फक्त मला दिसलं.

"काय होतं, मावशी?" वहिनींनी विचारलं.

"काय नाय. पोर न दूध."

"मग कडी कुणी घातली?"

"वाऱ्यानं परली असंल."

वहिनी पण हुशार बाई, त्यांचे मिस्टर मंत्रालयात. त्यांनी कडी वर उभी केली आन दार आपटलं. कडी हलली नाही. परत आपटलं. तीनदा आपटलं, कडी जागच्या जागी. बिनवजनाची कडी कशाला पडतेय? वहिनी म्हणाल्या, "बघा, वाऱ्यानं नाही पडत. मावशी, तुम्ही तर सगळ्याचा छडा लावता. आता सांगा."

मावशीला सांगता येत होतं. पाटीत हात घातला असता की झालं, नारळ काढून कडीला टांगून दाखवला असता, सगळ्यांना हसवलं असतं. असली गंमत तिला जन्मात परत मिळाली नसती. आन तीन वाजता हे आले की दहा बायकांनी त्यांना ते सांगितलं असतं. मावशीनं परत माझ्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या फ्रेमकडे. तिला वाचता येत नव्हतं, पण ती फ्रेम काय आहे ते ह्यांनी तिला चहा पिताना सांगितलेलं होतं.

"मना नाय कलला," मावशी म्हणाली.

एवढी शांतता झाली की नळातला वारा ऐकू आला.

"काय होतं, मना नाय कलला," ती परत म्हणाली, पोर माझ्या हातात दिली, आन पाटी सावरून निघून गेली. त्या दिवशी तिनं कोलंबीची हाक पण नाही मारली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या सेक्टरभर झालं. मावशीला भूत भेटलं. मावशीची बोलती बंद झाली. तीनला हे आले, सगळं ऐकलं, पोरीला पोटाशी धरून बसले, मग दार दहा वेळा आपटून बघितलं. दुसऱ्या दिवशी मावशी आली तेव्हा हे सुट्टी टाकून घरीच होते, म्हणाले, "मावशी, तुम्ही पण?" बस, एवढंच. मावशी म्हणाली, "वय झाला रं बाबा." त्यानंतर ह्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, पण बाजूला बसले नाहीत.

बायकांनी तर तिचं जगणं अवघड केलं. सुरमई घेताना, बोंबील घेताना, मावशी सांगा ना काय दिसलं, पाय उलटे होते का. तिचा धंदा वाढला तो वाढला, पण ती चिडायची. "कलला नाय ता कलला नाय. म्हावरा घेवाचा हाय का?" आन सगळ्यात वाईट म्हणजे नाक्यावरचे नारळ. त्या दिवसापासून तिला ते उचलता येईनात. उचलला असता तर लोक म्हणाले असते, मग त्या दिवशी खोटं बोललीस का? शनिवारी ती नाक्यावरून जायची आन मला खिडकीतून दिसायची. पाणी भरलेले चांगले नारळ पडलेले असायचे, मावशी त्यांच्याकडे बघायची, चाल जरा मंदावायची, आन मग पुढं जायची. लिंबं तिथंच वाळून जायची.

पाचसहा दिवसांनी भर दुपारी ती माझ्या दारात बसली. पाटीतून एक झाकलेलं वाडगं काढलं, बोंबलाचं कालवण. "घे, तुज्या भुताचं कालवन. नारल गोर निंगाला." मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नको, खारट व्हईल." मग म्हणाली की ती आत शिरली तेव्हा दारावरचा तो नारळ वाऱ्यानं अजून हलत होता आन सुजाता समोर बसून त्याला हसत होती. लाल फडकं तिनं लगेच ओळखलं, तिच्याच जुन्या लुगड्याचं, दिरानं न विचारता फाडलेलं. "त्याला मी दोन दिस जेवाला नाय दिला," म्हणाली. आन खिळा तिनं भिंतीत ठोकून त्याला पाटी टांगली होती, खिळा चांगला होता.

मी विचारलं, मावशी, तुमी माझ्यासाठी खोटं बोललात?

तिनं बराच वेळ पाटीवरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "कडीचा कलला. पन तू माज्या घराच्या मागल्या दारान गेलीस न पुरल्या दारान मी बसलेली, मना नाय सांगितलास. ता मना नाय कलला." आन जरा थांबून, "मी लय हसतंय काय गो?"

मी वाडगं उचलून आत नेलं. पण त्यानंतर मावशी बदलली. कुणी म्हटलं भीती वाटते, तर आधी पाटी उतरवायची, शेजारी बसायची, पाणी मागायची, आन मग विचारायची, कशाची. मी तिला सगळं सांगायला लागले, कोपऱ्याचं, नळाचं, कोल्ह्यांचं. ती हसायची नाही. कोपऱ्यात आरशाचा कवडसा पडतो, पोरगी त्याला हसते, हे तिनंच माझ्या बाजूला दुपारभर बसून शोधून काढलं. मी आता भीत नाही असं नाही. पण एकटी भीत नाही.

मावशीचे गुडघे गेले. मागच्या वर्षी तिची लेक तिला उरणला घेऊन गेली. नाक्यावर आता सिग्नल येणार म्हणतात, पण शनिवारचे नारळ अजून पडतात, कोणी उचलत नाही. परवा आमचे हे सुजाताला गोष्ट सांगत होते, की बाळा, माणसानं शेवटपर्यंत खंबीर राहावं, ती मावशी बघ, एवढी शहाणी बाई, पण ऐन वेळी भ्याली. सुजातानं पाढे थांबवून मला विचारलं, "आई, मावशी खरंच भ्याली होती?" माझ्या हातात पोळी होती, ती तव्यावर टाकायची राहिली. मी म्हटलं, तुझे पाढे म्हण.

तेव्हा पोर लहान होती, घर मोडलं असतं, असं मी मनाला सांगते. आता ती भीती पण तेवढी राहिली नाही, हे बदललेत, कदाचित हसतील पण. उरणला एसटी जाते, मावशी अजून आहे, ऐकायला तिला चांगलं येतं. पण सहा वर्षं झाली, आन जे तेव्हा नाही बोलले ते आता रोज जास्तच जड होत चाललंय, त्या कडीसारखं. सारखा तो क्षण आठवतो, बायका गोळा झालेल्या, मावशीच्या कडेवर माझी पोर, आन ती माझ्याकडे बघून म्हणाली, मना नाय कलला. तेव्हा मला एक वाक्य बोलता आलं असतं. मी हात पुढं केले, पोर घेतली आन गप्प बसले. तुमी माझ्या जागी असता, तर काय केलं असतं?